भाषणासोबत कृतिवही आणि फेरभेट: आठ महिने विकून पाहिल्यानंतरचा अनुभव

नागपुरातल्या दवाखान्यांच्या आणि पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांसमोर मी बोलते. काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या त्रासलेल्या माणसाशी कसं बोलायचं, हा माझा विषय. सहा वर्षं फक्त मानधनावर चाललं. दीड तास बोलायचं, शाल-श्रीफळ घ्यायचं, पाकीट घ्यायचं आणि पुढच्या फोनची वाट पाहायची. गेल्या जूनपासून भाषणासोबत तीन गोष्टी विकायला घेतल्या: 48 पानांची कृतिवही (ऐकणाऱ्याने स्वतः भरायची वही), महिन्याभराने अर्ध्या दिवसाची फेरभेट आणि रेकॉर्डिंग वापरायची परवानगी. आठ महिन्यांत 17 संस्थांसमोर हे ठेवून झालं. बोलण्यावर पोट असलेल्या कुणालाही उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

पहिले दोन महिने पार वाया गेले, कारण मी विचारायची वेळच चुकत होते. भाषण रंगलं, टाळ्या झाल्या, साहेब खूश, मग चहा घेता घेता मी वहीचा विषय काढायची. सगळे "छानच आहे" म्हणायचे आणि पुढे काहीच व्हायचं नाही. धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या एचआर मॅडमनी शेवटी सांगितलं, "मॅडम, प्रशिक्षणाची फाइल वर्षात एकदा सहीला जाते. तुम्ही आधी सांगितलं असतं तर त्यातच बसवलं असतं." टाळ्यांच्या वेळेला पैसे मंजूर होऊन गेलेले असतात. तेव्हापासून पहिल्याच कोटेशनमध्ये तीन आकडे देते: नुसतं भाषण, भाषण आणि वही, भाषण-वही-फेरभेट. 17 पैकी 9 जणांनी मधला पर्याय घेतला, 5 जणांनी पूर्ण. पर्याय कागदावर असले की घासाघीस मानधनावर येत नाही, "फेरभेट पुढच्या वर्षी घेऊ" यावर येते, आणि ते मला चालतं.

सभागृहाच्या दाराशी टेबल मांडून वही विकणं मात्र मी कायमचं बंद केलं. समोर पंधरा हजार पगाराची मुलगी बसलेली, बाजूला तिचे साहेब, आणि मी व्यासपीठावरून 250 रुपयांची वही दाखवतेय. तिने घेतली तर खिशाला भार, नाही घेतली तर साहेबांसमोर अवघडलेपण. वहीचे पैसे संस्थेनेच द्यावेत.

वहीचं मोल मला नागपूरच्या महाल भागातल्या एका पतसंस्थेत कळलं. फेरभेटीला कॅश काउंटरवरच्या ताईंनी आपली वही आणली. कोपरे दुमडलेले, आठव्या पानावर चहाचा डाग. अकराव्या पानावर रोज एकच प्रश्न आहे: आज कोणाला 'नाही' म्हणावं लागलं, आणि कोणत्या शब्दांत? त्यांनी 23 नोंदी केल्या होत्या. पहिली होती, "लिंक नाही, उद्या या." शेवटची, "काका, लिंक गेली आहे. नंबर देऊन ठेवा, आली की फोन करते, तुमची चक्कर वाचेल." व्यवस्थापकांनी ते पान उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि दुसऱ्या शाखेसाठी तारीख स्वतः मागितली. माझ्या तोंडच्या दहा वाक्यांनी ते काम झालं नसतं. म्हणून आता वहीत उपदेश कमी आणि भरायच्या ओळी जास्त ठेवते. भरलेली वहीच पुढचं काम मिळवून देते.

छपाईचं सांगते. पहिल्यांदा 25 प्रती मागितल्या तर प्रेसवाले भाऊ म्हणाले, "पंचवीसले परवडत नाही ताई, शंभर काढा." शंभर काढल्या, त्यातल्या तीस अजून कपाटात आहेत. कारण मी मुखपृष्ठावर वर्ष छापलं होतं! वर्ष छापू नका.

बिलाच्या बाबतीत माझ्या सीएंचा सल्ला कामी आला. प्रशिक्षणाच्या सेवेवर जीएसटी 18 टक्के, छापील पुस्तकावर शून्य. सगळं एका ठोक रकमेत घातलं की मुख्य सेवेचा दर सगळ्यालाच लागू शकतो. शिवाय मानधनावर संस्था 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापते, तो वहीच्या रकमेवर लागण्याचं कारण नाही. त्यामुळे किंमती आणि बिलाच्या ओळी, दोन्ही आधीपासून वेगळ्या ठेवते. पुस्तक करणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो.

कोटेशनमध्ये रेकॉर्डिंगची ओळ मी दुखावल्यावर घातली. एका संस्थेने न विचारता माझं भाषण मोबाइलवर घेतलं आणि नव्या भरतीला वर्षभर तेच दाखवलं. मला पुन्हा बोलावलंच नाही. फार वाईट वाटलं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार जाहीर भाषणाचा पहिला हक्क भाषण करणाऱ्याचा असतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आता कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिते: संस्थेतल्या वापरासाठी, एक वर्ष, इतके रुपये. चौघांनी आनंदाने घेतलं. ज्यांना नको होतं त्यांच्याकडे कॅमेरा लागला नाही.

दोन गोष्टी जमल्या नाहीत. व्हॉट्सअॅपवर रोजचा दोन मिनिटांचा ऑडिओ महिन्याच्या वर्गणीवर दिला, पण ड्युटीच्या ग्रुपांच्या गर्दीत तो कोणी ऐकेना. दोन महिन्यांत बंद करून उरलेली वर्गणी परत केली. फोनवरचं वैयक्तिक मार्गदर्शन दोघांनी घेतलं. फोन यायचे रात्रपाळी सुरू व्हायच्या आधी, दहाच्या सुमारास, आणि ठरलेली वीस मिनिटं तासावर जायची. त्या दोघांना फायदा झाला, याचं समाधान आहे, पण त्या दरात पुन्हा देणार नाही.

फेरभेटीची तारीख भाषणाच्या दिवशीच डायरीत लिहून घ्यावी लागते. पतसंस्था मार्चमध्ये भेटत नाहीत, दवाखाने पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढले की भेटत नाहीत, आणि मे महिन्यात सकाळी आठचीच वेळ धरावी, दुपारच्या उन्हात बाहेरून आलेल्या माणसाला काही ऐकू जात नाही. या वेळची छपाई ऐंशी प्रतींची आहे. अकराव्या पानाच्या नोंदींना आता चार पानं दिली आहेत.