ओव्हरडोसच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण: पांढरकवड्याकडच्या एका मेडिकलवालीचा अभिप्राय

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच. पण तुमच्या तालुक्यात हे प्रशिक्षण आलं तर अर्धा दिवस दुकान बंद ठेवून जा, एवढं आधीच सांगते.

माझं मेडिकल नागपूर-हैदराबाद हायवेला लागून आहे. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं, गावातलं आणि रस्त्यावरचं. शटर ओढायच्या वेळेला एखादा ट्रक थांबतो, क्लीनर उतरतो आणि चिठ्ठी नसताना कॅप्सूलचं नाव घेतो. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल, म्हणजे अफूच्या जातीचं दुखण्यावरचं औषध, अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली आलं. मी चिठ्ठीशिवाय ते देत नाही, कोडीनचं खोकल्याचं सिरपही देत नाही. पण मी नाही दिलं म्हणून त्याचं घेणं थांबत नाही, हेही रोज दिसतं. केंद्र सरकारने एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली होती, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. अफू, हेरॉइन किंवा या जातीच्या गोळ्या वर्षभरात कधी ना कधी घेतलेले लोक देशात सुमारे २ कोटी २६ लाख निघाले. ते सगळे मुंबई-दिल्लीत राहत असतील असं मला वाटत नाही.

प्रशिक्षण नागपूरहून आलेल्या एका संस्थेने तालुक्याच्या सभागृहात ठेवलं होतं. मोफत होतं आणि वर तर्री-पोहे. मेडिकलवाले, आशाताई, दोन-चार पोलीस पाटील, एक ढाबेवाला, एवढी मंडळी. पहिला तास पडद्यावरच्या चित्रांत गेला, सगळी इंग्रजीत. अमेरिकेतल्या शहरांचे रस्ते, सुया, फेंटानिल नावाचं याच जातीचं पण फार जहाल औषध. शिकागोत १९९६ पासून नशा करणाऱ्यांच्याच हातात नॅलोक्सोन, म्हणजे या ओव्हरडोसवरचा उतारा, द्यायला सुरुवात झाली आणि मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत त्याचा नाकात मारायचा ४ मिलिग्रॅमचा स्प्रे चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली, ही माहिती मला फार मोलाची वाटली. पण माझ्या शेजारची आशाताई तासभर नुसती बसून होती. तिला यातलं काय कळलं असेल?

मग एक सिस्टर उभ्या राहिल्या. बरीच वर्षं कॅज्युअल्टीत काढलेल्या. त्यांनी पडदा बंद करायला लावला आणि आमच्या बोलीत विचारलं, "पोरगा बाजीवर पडला हाय, घोरून रायला, हलवलं तरी उठत नाही. घरचे काय म्हणतीन?"

मागून कोणीतरी म्हणालं, "झोपू द्या त्याले, सकाळी उतरते."

"तेच तं. सकाळी तो नसते."

पुढचे दोन तास कोणी मोबाईलकडे पाहिलं नाही. अफूच्या जातीच्या या औषधांनी मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्र मंदावतं, माणूस श्वास घ्यायचंच विसरतो, आणि मरतो तो त्यामुळे, हे त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की पोलीस पाटीलही मान डोलवत होते. खुणा तीन: हाक मारून किंवा छातीच्या मधल्या हाडावर मुठीने घासूनही जाग नाही, श्वास अगदी संथ किंवा बंद, आणि डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. ओठ-नखं निळसर पडतात. घशातून येणारी ती घरघर झोपेची नसते, वाट अडल्याची असते. आमच्याकडचे उपाय त्यांनी एकेक करून मोडून काढले. मीठ-पाणी पाजणं, लिंबू पिळणं, अंगावर थंड पाणी ओतणं, थोबाडीत मारणं, यातल्या एकानेही श्वास परत येत नाही. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतलं तर ते छातीत उतरतं.

मग पुतळ्यावर सराव. डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत, दर पाच-सहा सेकंदांना एक श्वास, आणि नजर पुतळ्याच्या छातीवर. छाती वर आली तरच श्वास आत गेला. माझा पहिला श्वास नुसता गालात फुगला. सिस्टरने माझ्या हाताखाली हात घालून हनुवटी आणखी उचलली, आणि छाती वर आली. श्वास सुरू असेल तर माणसाला कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा पुढे दुमडायचा, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकत नाही. हे आशाताईंनी एकमेकींवरच करून पाहिलं.

नॅलोक्सोनबद्दल मी दुकानदार म्हणून जरा जास्त लिहिते. औषध जुनं आहे, अमेरिकेत १९७१ मध्येच मंजूर झालेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आणि ज्याच्या डोळ्यांदेखत ओव्हरडोस होऊ शकतो त्याच्या हाताशी ते असावं, असं त्याच संघटनेने २०१४ मध्ये सांगितलं. अफूच्या जातीचं औषध मेंदूत जिथे बसतं तिथून ते त्याला हुसकावतं आणि दोन-तीन मिनिटांत श्वास फिरतो. नाही फिरला तर दुसरा डोस. त्याचा असर अर्धा ते दीड तास. पोटातली गोळी त्याहून जास्त वेळ टिकू शकते, म्हणून उठून बसलेल्यालाही दवाखान्यात न्यावंच लागतं. "मी बरा हाय" म्हणत गाडीवर बसू पाहणाऱ्याला सोडायचं नाही, हे सिस्टरने पुन्हा पुन्हा बजावलं. माझ्या होलसेलरच्या यादीत ते फक्त इंजेक्शनच्या ॲम्प्यूलमध्ये आहे, आणि तेही डॉक्टरच्या चिठ्ठीवरच. म्हणजे आम्ही जे शिकून आलो त्यातला औषधाचा भाग आमच्या हातात नाही. श्वास द्यायचा भाग मात्र पूर्ण आमच्या हातात आहे. गावात १०८ पोचायला शहरातल्यासारखी दहा-पंधरा मिनिटं धरून चालत नाही, पावसाळ्यात नाला चढला तर वेळेचा भरवसाच नाही. तेवढा वेळ आळीपाळीने श्वास देत राहणं हेच आमचं औषध. म्हणून पुतळ्यावरचा सराव तीनपट हवा होता आणि चित्रांचा तास पाव.

आता कापलेल्या ताऱ्याबद्दल. यवतमाळ जिल्ह्यात बेशुद्ध माणूस दिसला की पहिला संशय फवारणीच्या औषधावर जातो. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात इथे शेकडो शेतकरी-मजूर दवाखान्यांत भरती झाले आणि वीसहून जास्त गेले, ते कोणी विसरलेलं नाही. ऑर्गॅनोफॉस्फरस जातीच्या कीटकनाशकाच्या विषबाधेतही बाहुली बारीकच होते! नुसता डोळा पाहून ठरवलं तर घोळ होणार. मी हात वर करून विचारलं. मुख्य प्रशिक्षकांनी "तो वेगळा विषय आहे" म्हणून पुढे नेलं. इथे तोच विषय आहे हो.

चहाच्या वेळी सिस्टरने बाजूला घेऊन सांगितलं ते इथे देते, कारण ते सभागृहातच सांगायला हवं होतं. कीटकनाशकाच्या विषबाधेत माणूस ओला असतो: घाम, लाळ, डोळ्यांतून-नाकातून पाणी, उलटी, कपड्यात लघवी, स्नायू फडफडतात, बहुधा औषधाचा वास येतो. गोळ्यांच्या ओव्हरडोसमध्ये तो ओलेपणा नसतो, माणूस शांत, ढिला, निळसर पडत जातो. कीटकनाशकाचा जरा जरी संशय असेल तर तोंडाला तोंड लावायचं नाही, विष आपल्यालाही लागतं. हातमोजे घालून कपडे काढा, साबणाने अंग धुवा, कुशीवर वळवा आणि ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचं औषध, मिळेल अशा दवाखान्यात पळवा. अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, असेल तर श्वास तिने द्यायचा. नॅलोक्सोनचा त्या विषावर उपयोग नाही, पण चुकून दिलं गेलं तर अपायही नाही.

आणखी एक राहिलं. इथे सुई क्वचितच दिसते, दिसतं ते दारूवर गोळी. दोन्ही मिळून श्वास दाबतात. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळीवर नॅलोक्सोन चालत नाही, आणि ट्रॅमाडॉल जास्त झालं तर झटकेही येतात. यावर एकही चित्र नव्हतं. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा जेलमधून सुटून आलेल्याला सगळ्यात जास्त धोका असतो, कारण शरीराची सवय मोडलेली असते आणि तो जुन्याच मापाने घेतो, हे मात्र नीट सांगितलं. ते ऐकून मी दुकानात येणाऱ्या दोन आयांशी बोलले. पोराला खोलीत एकटं कडी लावून झोपू देऊ नका, एवढंच म्हटलं. एकीने विचारलं, "पोलीस केस तं नाही होणार ना ताई?" या भीतीने लोक १०८ लावत नाहीत. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, थोड्या मालाच्या गुन्ह्यापुरतं, खटल्यापासून संरक्षण आहे. पोलीस पाटील समोर बसलेले असताना हे मोठ्याने सांगायची संधी गेली.

संस्थेला माझी विनंती. पुढची तारीख कापूस वेचणीच्या दिवसांत नको. पानं मराठीत छापा, त्यावर १०८ आणि व्यसनमुक्तीचा मोफत नंबर १४४४६ मोठ्या अक्षरांत. सिस्टरना सुरुवातीलाच उभं करा. अंबू बॅग कशी दाबायची ते आशाताईंना शिकवा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नॅलोक्सोनचे ॲम्प्यूल ठेवावेत म्हणून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आमच्यासोबत अर्ज करा, सही करायला आम्ही मेडिकलवाले तयार आहोत. आणि ढाबेवाले एकावर थांबवू नका. करंजीपासून पाटणबोरीपर्यंतच्या सगळ्यांना बोलवा, रात्री दोन वाजता ट्रकच्या केबिनमध्ये न उठणारा माणूस पहिल्यांदा त्यांनाच सापडतो.