मागचा वायपर बंद पडलाय: वायरिंग बघायचं, मोटर खोलायची, नवी टाकायची की सरळ बूच बसवायचं?

जुन्या एसयूव्हीचा मागचा वायपर जूनच्या पहिल्या पावसात दगा देतो, पण बिघाड पावसाने झालेला नसतो. ऑक्टोबरपासून मेपर्यंत त्याला कोणी हातच लावलेला नसतो. पुढचे वायपर निदान धूळ झटकायला अधूनमधून फिरतात. मागचा आठ महिने एकाच जागी बसून असतो आणि तेवढ्यात त्याचं स्पिंडल, म्हणजे वायपर फिरवणारा दांडा, आतल्या आत धरतं, म्हणजे अडकतं. मग गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, "मोटर गेली, बदलावी लागेल." बऱ्याचदा मोटर गेलेली नसते. म्हणून कुठला पर्याय स्वस्त आणि कुठला टिकाऊ याचा हिशोब करण्याआधी बिघाड कुठे आहे ते कळायला हवं, नाहीतर तुटलेल्या वायरीसाठी नवी मोटर विकत घेतली जाते.

ओळखायची पहिली पद्धत फुकट आहे. इंजिन बंद ठेवून चावी ऑनवर करा, कोणाला तरी आत बसवून मागच्या वायपरचं बटण दाबायला सांगा आणि आपण डिकीच्या पत्र्याला कान लावा. दबका, कण्हल्यासारखा आवाज येतोय आणि आर्म, म्हणजे काचेवर फिरणारा वायपरचा हात, जागचा हलत नाही, तर स्पिंडल जॅम आहे. मोटर मोकळी फिरतेय पण आर्म ढिम्म, तर आर्मचा नट ढिला आहे किंवा त्याचे आतले दाते झिजलेत. आधी नट आवळून बघा, नाहीतर नुसता आर्म बदला, विषय संपला. वायपर फिरतो पण काचेच्या मध्येच कुठेतरी थांबतो, तर मोटरच्या झाकणातले पार्किंगचे कॉन्टॅक्ट, म्हणजे वायपरला मूळ जागी आणून थांबवणाऱ्या पट्ट्या, काळे पडलेत. आणि काहीच आवाज नसेल तर खरी शोधाशोध सुरू होते.

आवाज नसताना आधी फ्यूज. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो, त्यावरून सापडतो. नवा फ्यूज टाकताच उडाला तर एक तर मोटर जॅम आहे किंवा वायर कुठेतरी पत्र्याला लागतेय. अशा वेळी "जरा मोठा फ्यूज टाकून बघू" म्हणणारा वायरमन भेटला तर गाडी तिथून काढा. मोठ्या फ्यूजने बिघाड जात नाही. फ्यूजऐवजी वायर जळते, तीही पॅनलच्या आड.

फ्यूज शाबूत असेल तर डिकीवरच्या बाकीच्या गोष्टी चालवून बघा: नंबर प्लेटचा दिवा, वरचा ब्रेक लाइट, डीफॉगर, सेंट्रल लॉक. यातलं आणखी एखादं बंद असेल किंवा मर्जीप्रमाणे चालत असेल तर मोटरला हात लावू नका. बॉडीतून डिकीत जाणाऱ्या रबरी नळीत वायर तुटलेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. डस्टर, इनोव्हासारख्या वर उघडणाऱ्या डिकीत ही नळी वरच्या बिजागरीपाशी असते. बोलेरो, इकोस्पोर्टसारख्या आडव्या उघडणाऱ्या दारात ती बाजूच्या बिजागरीपाशी. डिकी जितक्या वेळा उघडली तितक्या वेळा त्या वायरी तिथेच वाकल्यात. नळीचं टोक बोटांनी सोडवून मागे सरकवलं की वायरींचा झुबका दिसतो. त्यातल्या काहींचं प्लास्टिक कडक होऊन तडकलेलं असतं, तडकलेल्या जागी तांबं हिरवं पडलेलं. एखादी वायर बाहेरून अगदी धड दिसते, पण दोन बोटांत धरून हलकेच ओढली की रबरासारखी ताणली जाते. आतलं तांबं केव्हाच तुटलेलं असतं.

इथे मल्टिमीटर फसवतो. एकाच तारेवर तग धरून असलेली वायरही मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब वायरी जोडून टेस्ट लॅम्प म्हणून वापरा आणि मोटरच्या कपलरवर, म्हणजे वायरी मोटरला जोडणाऱ्या प्लगवर, लावा. बटण दाबल्यावर बल्ब लखलखीत पेटला तर वायरिंग ठीक आहे, दोष मोटरमध्ये. मिणमिणला तर वायर किंवा अर्थिंग. मीटर हातात घेतलेला माणूस हुशार दिसतो खरा, पण या कामात दहा रुपयांचा बल्ब जास्त खरं बोलतो.

दोष वायरिंगमध्ये निघाला तर खर्च म्हणजे जवळपास मजुरीच. पण मजुरीतही दोन प्रकार आहेत. रस्त्याकडेचा वायरमन तुटलेली टोकं पिळून, वर काळी टेप गुंडाळून मोकळा होतो. वायपर लगेच सुरू होतो आणि पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा बंद पडतो, कारण जोड नेमका वाकणाऱ्या जागी आलेला असतो. दुसरी पद्धत वेळखाऊ आहे. नळीच्या दोन्ही बाजूंना, वाक नसलेल्या जागेपर्यंत वायर कापायची, मधल्या भागात बारीक तारांची मऊ वायर घालायची, जोड सोल्डर करून त्यावर श्रिंक ट्यूब चढवायची. तुटलेली एकच वायर असली तरी शेजारच्या कडक झालेल्या वायरीही त्याच वेळी बदलून घ्या. त्यांची पाळी आलेलीच असते. या कामाचे जास्त पैसे मागितले तर द्या.

दोष मोटरमध्ये असेल तर पुढे तीन वाटा: आहे तीच खोलून साफ करणं, भंगार बाजारातली बसवणं किंवा नवी घेणं.

माझं झुकतं माप पहिल्या वाटेला आहे, आणि त्याला कारण आहे. या मोटरमध्ये जळण्यासारखं फार काही नसतं. एक छोटी १२ व्होल्टची मोटर, तिच्यावर वर्म गिअर (आट्यांच्या दांड्याने फिरणारं दातेरी चाक) आणि गिअरमधून बाहेर आलेलं स्पिंडल. लोखंडी स्पिंडल ॲल्युमिनिअमच्या घरात फिरतं. बाहेरचं रबर किंवा टोपी गेली की पाणी आत झिरपतं, ॲल्युमिनिअमची पांढरी पूड धरते आणि स्पिंडल आवळलं जातं. रत्नागिरी, मालवणकडच्या खाऱ्या हवेतल्या गाडीत हे लवकर होतं. मोटर बाहेर काढून गिअरचं झाकण उघडलं की वाळलेलं, मेणासारखं झालेलं ग्रीस दिसतं. गिअरची जागा खूण करून ठेवायची, सर्क्लिप (स्पिंडल जागी धरणारी कडी) काढायची, स्पिंडलवर तेल सोडून थांबायचं, मग लाकडी ठोकळ्याने हलके ठोके देत ते बाहेर काढायचं. बारीक पॉलिश पेपरने दोन्ही बाजू साफ, नवा ओरिंग (पाणी अडवणारी रबरी कडी), नवं ग्रीस. झाकण उघडंच आहे तर पार्किंगचे कॉन्टॅक्टही पुसून घ्यायचे.

घरी करणार असाल तर धोका मोटरपेक्षा आर्म काढताना जास्त. नट काढल्यावरही आर्म स्पिंडलला घट्ट चिकटलेला असतो. तिथे काचेवर टेकवून स्क्रूड्रायव्हरची कोर लावली तर मागची काच एका क्षणात चुरा होऊन डिकीत पडते. ती टफन्ड असते, तडा जाऊन थांबत नाही. आर्म हाताने मागेपुढे डोलवत सोडवा, नाहीतर छोटा पुलर वापरा. आणि जॅम वायपर हाताने ढकलून "मोकळा" करायच्या फंदात पडू नका. वर्म गिअर उलटा फिरत नाही, आतले प्लास्टिकचे दाते मात्र तुटतात. मग दुरुस्तीची वाट बंद आणि खरेदी अटळ. गाडी धुणारी मुलं आर्म खेचतात तेव्हाही हेच होतं, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

मोटरचे कार्बन (आत वीज पोचवणारे घासते तुकडे) संपलेले असतील किंवा मोटरमध्येच पाणी शिरून आत गंज चढला असेल तर साफसफाईने भागत नाही. काही गाड्यांत मागच्या काचेवरचा पाण्याचा फवारा स्पिंडलच्या पोकळीतूनच येतो. त्यातलं सील गेलं की बटण दाबताना पाणी काचेऐवजी मोटरमध्ये उतरतं. अशा गाडीत पाण्याची नळी आणि तिचा जोड तपासल्याशिवाय नवी मोटर बसवू नका, ती पण बुडेल.

आता जुन्या बाजाराची मोटर. मुंबईत कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार आहेच, पुण्यातही चौकशी केली की पत्ता लागतो. किंमत नव्याच्या मानाने बरीच कमी असते आणि मोह होतो. पण विचार करा: ती मोटर तुमच्याच गाडीच्या वयाच्या गाडीतून निघालेली असते. तिचं स्पिंडलही तितकीच वर्षं पाण्यात उभं होतं. फक्त ते अजून धरलेलं नाही, एवढाच फरक. म्हणजे जी साफसफाई तुम्ही टाळली ती त्या मोटरलाही लागणारच. माझ्या मते हा पर्याय दोनच परिस्थितींत घ्यावा: तुमच्या मोटरचे दाते तुटलेत, किंवा मॉडेल बंद होऊन नवी मोटर मिळेनाशी झाली आहे. इकोस्पोर्ट बनवणाऱ्या फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवण्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं, पहिली डस्टर २०२२ मध्ये बंद झाली. अशा गाड्यांच्या मालकांनी आधी फोन करून भाग मिळतोय का ते विचारावं आणि मगच बाकीचं ठरवावं. घ्यायचीच असेल तर दुकानातच बॅटरीला जोडून चालवून दाखवायला सांगा, कपलर आणि स्पिंडलची लांबी तुमच्या मोटरशेजारी ठेवून जुळवा, आणि घरी आणल्यावर बसवण्याआधी उघडून ग्रीस भरा.

नवी मोटर घ्यायची तर कंपनीची की बाहेरची? बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या खपाच्या गाड्यांना पुण्यात नाना पेठेत दोन्ही सहज मिळतात. बाहेरची म्हणजे नकलीच असं नाही. ल्युकास-टीव्हीएससारखे मोटर बनवणारे स्वतःच्या नावानेही भाग विकतात. निनावी डब्यातली मोटर मात्र टाळा, भले दुकानदार "सेम टू सेम" म्हणो. आधी तपासा ते रबर, म्हणजे काचेच्या भोकात बसणारं ग्रोमेट. ते पातळ किंवा सैल असेल तर आतली मोटर कितीही चांगली असो, पाणी जाणारच. कंपनीची मोटर महाग पडते, पण तिच्याबरोबर नीट बसणारं रबर मिळतं आणि मला त्या जादा पैशांतला अर्धा मोबदला त्या रबरातच दिसतो.

गाडी अजून किती वर्षं ठेवणार यावर बरंच ठरतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपत आली असेल आणि नूतनीकरण करायचा विचार नसेल तर कंपनीची नवी मोटर घेण्यात अर्थ नाही, साफ करून चालवा.

राहिला शेवटचा पर्याय: मोटर काढून भोकाला रबरी बूच. गॅरेजवाले याला कमी लेखतात, पण हा काही पळपुटेपणा नाही. वायपरची सक्ती आहे ती समोरच्या काचेसाठी. कित्येक गाड्यांची खालची व्हेरियंट कारखान्यातूनच मागच्या वायपरशिवाय येत होती. गाडी शहरातच फिरत असेल, रिव्हर्स कॅमेरा असेल, तर तुमची फार अडचण होणार नाही.

पण ताम्हिणी, वरंधा, आंबा घाटांतून पावसाळ्यात नेहमी जाणं-येणं असेल तर बूच नको. सेडानच्या तिरक्या काचेवरून वारा पाणी वाहून नेतो. एसयूव्हीच्या उभ्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते आणि चाकांनी उडवलेला चिखलाचा बारीक फवारा ती ओढून काचेवर बसवते. काही किलोमीटरांत आरशात तपकिरी पडदाच दिसतो. डीफॉगर आतली वाफ घालवतो, बाहेरचा चिखल नाही. पाणी घसरून जाण्यासाठी काचेवर लावायचं कोटिंग पुढच्या काचेवर छान काम करतं, कारण तिथे वारा थेंब ढकलतो. मागे वाराच लागत नाही, त्यामुळे थेंब तिथेच बसून राहतात.

बूच बसवायचं ठरलं तर भोकाच्या मापाचं ग्रोमेट घ्या, कडेने सिलिकॉन लावा आणि धुवायच्या पाइपचं पाणी मारून आतून ओल येते का ते बघा. पॅनल बसवण्याआधी. कपलर कापू नका. टेपमध्ये गुंडाळून वायरिंगला बांधून ठेवा. पाण्याची नळी आत सोडून देऊ नका, तिच्या तोंडाला बूच मारा, नाहीतर चुकून बटण दाबलं गेलं की फवारा डिकीच्या पत्र्यात उतरतो आणि दाराचा खालचा काठ आतून गंजायला लागतो.