ॲमस्टरडॅमचे राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय: पाळणाघराशेजारची शाळा

ॲमस्टरडॅमला जाणारे आपल्याकडचे पर्यटक ॲन फ्रँकचे घर आवर्जून पाहतात आणि ज्यूंच्या छळाचा विषय बहुधा तिथेच संपवतात. प्लांटाज मिडनलान या रस्त्यावर मार्च २०२४ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) संग्रहालय पाहिल्याशिवाय तो संपवू नये, असे मला वाटते. येथील सर्वांत मोलाची वस्तू कोणत्याही काचेच्या पेटीत नाही. ती म्हणजे ही इमारतच.

युद्धकाळात येथे प्रोटेस्टंट अध्यापक विद्यालय होते. रस्त्यापलीकडच्या होलांडसे शाउबुर्ख या नाट्यगृहात देश व्यापून बसलेल्या जर्मनांनी १९४२ पासून नाझी छावण्यांकडे पाठवायच्या ज्यू कुटुंबांना कोंडले होते आणि त्यांच्या लहान मुलांना विद्यालयाशेजारच्या पाळणाघरात ठेवले जाई. पाळणाघराच्या संचालिका हेन्रिएट पिमेंटेल, नाट्यगृहातील कारभार पाहणारे वाल्टर झ्यूस्किंड आणि विद्यालयाचे प्रमुख योहान व्हान हुल्स्ट यांनी या शेजाराचा उपयोग करून घेतला. आईवडिलांची संमती मिळाली की मुलाची नोंद यादीतून नाहीशी केली जाई, मूल कुंपणावरून विद्यालयाच्या आवारात येई आणि टोपलीतून, पोत्यातून किंवा पाठीवरच्या पिशवीतून बाहेर पडे. काही मुले थेट पाळणाघराच्या दारातूनच नेली जात. समोर ट्रॅम आली की नाट्यगृहावरच्या पहारेकऱ्यांना ते दार क्षणभर दिसत नसे. पुढे विद्यार्थ्यांचे गुप्त गट त्यांना फ्रीसलंड, लिम्बुर्ख अशा दूरच्या प्रांतांत पोहोचवत आणि तेथील साधी कुटुंबे त्यांना जिवावरचा धोका पत्करून घरात सामावून घेत. सुमारे ६०० मुले अशी वाचली.

संग्रहालय या सुटकेचे कौतुक करते, पण तिच्या आडोशाला बाकीचे लपवत नाही, आणि मला त्याची हीच बाजू सर्वाधिक पटली. नेदरलँड्समधील सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,०२,००० मारले गेले. स्वतः ज्यू असलेल्या पिमेंटेल १९४३ मध्ये ऑशविट्झ या नाझी छावणीत मारल्या गेल्या आणि झ्यूस्किंड, तेही ज्यूच, छावणीतून परतले नाहीत. व्हान हुल्स्ट मात्र २०१८ पर्यंत, १०७ वर्षे जगले, तरी पाळणाघर रिकामे केले गेले त्या दिवशी मागे राहिलेल्या मुलांची सल त्यांना आयुष्यभर होती. भिंतींवर ज्यूविरोधी कायद्यांचा मजकूर ओळीने छापला आहे. बागेत बसण्यास बंदी, सायकल जमा करण्याचा हुकूम अशी सरकारी भाषेतील कलमे वाचताना (सरकारी कागदांची सवय असलेल्या मराठी वाचकाला ती भाषा अस्वस्थ करील इतकी ओळखीची वाटते) हा संहार कार्यालयांतून, टप्प्याटप्प्याने कसा आकाराला आला ते कळते. पोलंडमधील सोबिबोर या नाझी संहारछावणीच्या जागी उत्खननात सापडलेली बटणेही येथे आहेत.

आश्रय देणाऱ्यांविषयी भाबडेपणाने विचार करण्याची सवय आपल्याला असते. मूल वाचवणे म्हणजे त्याला नवे नाव देणे, शेजाऱ्यांना पटेल अशी कहाणी रचणे आणि कधी एका घरातून दुसऱ्या घरी हलवणे. युद्धानंतर अनाथ झालेली मुले पालक कुटुंबाकडे राहावीत की ज्यू नातलगांकडे जावीत, यावरून कडवे वाद झाले. संग्रहालयात शिरण्यापूर्वी एवढे माहीत असलेले बरे.

माहितीफलक डच आणि इंग्रजी भाषांत आहेत. आधी समोरच्या नाट्यगृहाच्या दाराशी उभे राहून रस्त्याची रुंदी नजरेने मोजावी आणि मगच संग्रहालयात यावे. ट्रॅमचा आडोसा किती अपुरा होता, ते तेथूनच उमगते. अर्धा दिवस हाताशी ठेवावा. फार लहान मुलांना आणू नये. शाळेत दुसरे महायुद्ध शिकलेल्या मुलांना मात्र अवश्य आणावे.