यात्रेतली कोपऱ्याची जागा आणि 18,500 रुपयांची पावती

गेली अकरा वर्षे मी आणि माझी पत्नी सातारा-सांगली भागातील यात्रांमध्ये मेवामिठाईचे दुकान लावतो. पुसेगाव, म्हसवड, पाली अशा मोठ्या यात्रा आम्ही केल्या आहेत. त्यामुळे जागांचा लिलाव कधी होतो आणि त्यात कोण कोणावर चढी बोली लावतो, हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तरीही माघी पौर्णिमेला भरणाऱ्या एका लहान गावच्या यात्रेत माझे 18,500 रुपये गेले आणि आज ते घेणाऱ्या माणसाइतकाच मला स्वतःचाही राग येतो.

यात्रेच्या पंधरा दिवस आधी त्या माणसाचा फोन आला. आपण यात्रा कमिटीचे आहोत, लिलावापूर्वी जुन्या दुकानदारांना जागा देण्याचे ठरले आहे आणि देवळाच्या कमानीजवळची कोपऱ्याची जागा आमच्यासाठी राखून ठेवली आहे, असे त्याने सांगितले. आदल्या वर्षी आमची जागा पाळण्यांच्या मागे, जनरेटरच्या धुरात आली होती आणि गोडीशेवेची निम्मी पोती परत न्यावी लागली होती. ज्याने असा हंगाम काढला आहे, त्याने कमानीजवळची जागा नाकारून दाखवावी.

आम्ही गावात गेलो. त्याने पिशवीतून स्वतः आणलेली चुन्याची फक्की काढली, टेप न लावता पावलांनी दहा बाय बाराची जागा मोजली आणि आखून दिली. त्या वेळी पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, ‘कुणाचं रं आखतोयस?’ असे विचारले. त्यावर तो हसून म्हणाला, ‘पाव्हण्यांचं हाय, आबा.’ मी जे ओळखायला हवे होते ते नेमके इथे. कमिटीचा माणूस जागा आखत असता, तर गावातल्या म्हाताऱ्याला तो कोणाचे आखतोय हे विचारावे लागले नसते आणि त्यानेही पाहुण्यांच्या आड न लपता कमिटीचे नाव ताठ मानेने सांगितले असते. मला ते खटकले होते, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. पण पत्नी काही बोलणार तोच त्याने, ‘वहिनी, उद्या लिलावात हीच जागा तीस हजारांना जाईल,’ असे म्हटले आणि मी घाईघाईने 12,500 रुपये फोनवरून पाठवले, 6,000 रोख दिले. पावतीवर शिक्का होता, पण खाली कार्बन नव्हता. फाडल्यावर पुस्तकात त्याच्याकडे काहीच उरले नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले.

यात्रेच्या आदल्या दिवशी टेम्पो घेऊन पोहोचलो, तेव्हा त्याच जागेच्या पावत्या घेऊन खेळण्यांचा, बांगड्यांची, रसवंतीचा आणि भांड्यांचा असे आणखी चार दुकानदार भांडत होते. जागा मात्र लिलावात तिसऱ्यालाच गेलेली होती. शेवटी 3,000 रुपये देऊन उकिरड्याकडेची जागा घेतली; उरलेली 45 किलो गोडीशेव किलोमागे 70 रुपये तोटा सोसून विकली. असे एकूण 24,650 रुपये गेले. टेम्पोचे भाडे यात धरत नाही, ते एरवीही द्यावेच लागले असते.

ग्रामपंचायतीत गेलो, तर ‘आमच्या नमुना 7 च्या पावतीशिवाय कोणाला पैसे दिलेत, ते तुमचे तुम्ही बघा,’ असे उत्तर मिळाले; कमिटीने आपला असा माणूसच नाही म्हणून हात झटकले. पोलिसांनी आधी बंदोबस्ताचे कारण सांगितले. यात्रा उलगल्यावर गेलो, तेव्हा व्यवहार दिवाणी स्वरूपाचा आहे, वकील गाठा, असा सल्ला दिला. खोटा शिक्का मारून पाच जणांना एकच जागा विकणे हा दिवाणी व्यवहार असेल, तर भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम 318 कोणासाठी लिहिले आहे? दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर तो नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा निकाल आहे, हे पुतण्याने सांगितल्यावर मी पुन्हा गेलो. तेव्हा अर्ज ठेवून घेतला आणि पोच दिली, एवढेच. फोनवरून पाठवलेल्या पैशांसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तोपर्यंत नऊ दिवस झाले होते आणि त्या खात्यात काही उरलेले नव्हते. तुमच्यावर अशी वेळ आली, तर पोलीस ठाण्याच्या बाकावर बसण्याआधी, त्याच तासात 1930 लावा.

जागेचे पैसे ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बसून, कार्बन प्रत पाहूनच द्या. खासगी फोन क्रमांकावर एक रुपयाही पाठवू नका. तो माणूस गावातल्या कोणाशी नावाने बोलतो का, हे थोडे बाजूला उभे राहून पाहा. शिक्क्यापेक्षा ते जास्त सांगते.

गेल्या आठवड्यात ठाणे अंमलदारांनी बाकीच्या चौघांनाही एकाच दिवशी जबाबाला घेऊन यायला सांगितले. त्यांपैकी दोघे पुढच्या यात्रेला निघून गेले आहेत, रसवंतीवाला फोन उचलत नाही आणि बांगडीवालीला घरी हे अजून सांगायचे आहे.