देवपुरातल्या मनपाच्या तीन शाळा: पहिलीच्या प्रवेशाआधी पाहिलेले

धुळ्यात पांझरा नदीपलीकडे देवपुरात आमचे घर आहे आणि तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर महानगरपालिकेच्या तीन प्राथमिक शाळा आहेत. मुलीला यंदा पहिलीत घालायचे असल्याने मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, शाळा भरलेली असताना, मी तिन्ही ठिकाणी दोन-दोनदा जाऊन आले. शाळांची नावे इथे देत नाही.

पहिली शाळा रस्त्यावरूनच मनात भरते. भिंतींना नवा रंग दिलेला आहे, त्यावर बाराखडी आणि पाढे रंगवलेले आहेत आणि फाटकावर सेमी इंग्रजीचा मोठा फलक आहे. आत मात्र पहिली आणि दुसरीची मुले एकाच खोलीत बसलेली होती आणि बाई फळ्याच्या मधोमध रेघ ओढून एकीकडे बेरजा, तर दुसरीकडे शब्द लिहीत होत्या. यात बाईंचा काहीच दोष नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या ६० पर्यंत मुलांसाठी दोन आणि ६१ ते ९० मुलांसाठी तीन शिक्षक धरले जातात. त्यामुळे पट घसरला की शिक्षक कमी होतात, वर्ग एकत्र बसतात आणि ते पाहून उरलेले पालकही मुलांना काढून घेतात.

दुसऱ्या शाळेची इमारत जुनी आहे, पण पट चांगला असल्याने प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक आहे. मी पहिलीच्या वर्गात मागे बसले असताना एक मुलगा उभा राहून म्हणाला, "बाई, माले पानी जोयजे." बाईंनी त्याला जाऊ दिले आणि तो परत आल्यावर 'जोयजे' आणि 'पाहिजे' हे दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून मुलांकडून वाचून घेतले. घरात अहिराणी बोलणाऱ्या लेकराला पहिल्याच वर्षी न ओरडता पुस्तकातल्या मराठीपर्यंत नेणारी अशी बाई मिळणे, हे माझ्या लेखी रंगवलेल्या भिंतींपेक्षा कितीतरी मोलाचे आहे. तिसरीतल्या बहुतेक मुलांनी न शिकवलेला धडाही मला अडखळत का होईना, पण वाचून दाखवला. पोषण आहाराची खिचडी गरम होती आणि वाढण्याआधी शिक्षकांनी ती चाखून पाहिली.

उणिवाही आहेत. छप्पर पत्र्याचे असल्याने उन्हाळ्यात सकाळच्या शाळेतही दहानंतर वर्गात बसवत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटलेली होती. ती मी दाखवून दिल्यावर पुढच्या भेटीपर्यंत बसवली गेली, पण टाकीतले पाणी मधल्या सुट्टीतच संपते, ते तसेच आहे.

तिसऱ्या शाळेतील शिकवणे बरे वाटले. परंतु वाटेत अवजड वाहनांचा रस्ता ओलांडावा लागतो आणि सहा वर्षांच्या मुलीला तिथे एकटी पाठवण्याची माझी तयारी नाही.

मी दुसऱ्या शाळेत नाव घातले. फी नाही, पुस्तके मोफत आहेत आणि वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला कायद्याने प्रवेश नाकारता येत नाही, हे शेजारच्या मजूर कुटुंबांना आवर्जून सांगावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्या समितीसमोर मी पाण्याच्या टाकीचा विषय लेखी मांडणार आहे.