पितळी मॉडेलला फ्लक्स कुठला घ्यायचा: राळ, फॉस्फोरिक की झिंक क्लोराईड?

रेल्वे मॉडेलसाठी पितळेचं इंजिन किंवा डबा करायला घेतला की लोक सोल्डरिंग गनवर पैसे घालतात आणि फ्लक्स, म्हणजे सोल्डर धातूला नीट धरावं म्हणून जोडावर लावायचं रसायन, मिळेल तो उचलतात. मी आधी एकच बघतो, जोड झाल्यावर तो भाग पाण्याखाली धरता येणारे का? अर्धा निकाल तिथेच लागतो.

धुता येत नसेल, म्हणजे मोटरच्या वायरी, रुळाला वायर जोडणं, सर्किट, तर राळेचाच, दुसरा विचार नको. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळतो, पण डबीवर वाचून घ्या, काही पेस्टमध्ये झिंक क्लोराईड असतं आणि ते वायरीला हळूहळू खातं. पितळी पत्र्यावर मात्र राळ कमी पडते, पत्रा जरा काळवंडलेला असला की सोल्डर गोळा होऊन बसतं, शिवाय मागे जो चॉकलेटी चिकटा राहतो त्यावर रंग धरत नाही, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन घासत बसा.

पितळ आणि निकेल सिल्व्हरला (तांबं, निकेल, जस्त यांचा मिश्रधातू) माझं मत सरळ फॉस्फोरिक ॲसिडच्या पातळ फ्लक्सला. ब्रशने फटीवर एक थेंब, बिटच्या, म्हणजे गनच्या तापणाऱ्या भागाच्या, टोकावर ६०/४० सोल्डरचा (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) बारीक कण घेऊन टेकवायचं, चुर्र होतं आणि सोल्डर फटीतून पार पलीकडे पळतं, बघायलाच मजा येते. फक्त तो लगेच उकळून उडतो, त्यामुळे परत तापवायचं तर परत थेंब. बिट लवकर खराब होतं हे धरूनच चाला, आणि खिडकी उघडी ठेवा, राळेचा धूरही काही साधा नसतो, त्याने दमा होऊ शकतो.

झिंक क्लोराईड सगळ्यात जहाल. कल्हईवाला नवसागर टाकतो ना, तोही क्लोराईडच. स्टीलला मस्त, पितळेला मला तरी उगाच वाटतं, कारण नीट धुतलं नाही तर जोडावर हिरवट थर येतो आणि टेबलावरच्या कानशी, ड्रिल यांनाही गंज चढतो. वापरलंच तर खायच्या सोड्याच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासायचं, मग साधं पाणी.

व्हाईटमेटलच्या (कमी तापमानाला वितळणारा ओतीव मिश्रधातू) पार्टला फ्लक्स फॉस्फोरिकच, पण सोल्डर ७० डिग्रीला वितळणारं, नाहीतर पार्टच वितळेल. आणि तो पार्ट पितळेला जोडायचा असेल तर पितळेवर आधी ६०/४० चा पातळ हात मारून घ्या, नुसत्या पितळेवर ७० डिग्रीवालं सोल्डर नीट धरत नाही.