पोर्तुगालच्या ट्रायलच्या नावाखाली 5,88,000 रुपये गेले. कोल्हापूर-सांगलीच्या फुटबॉल पालकांनो, वाचा

माझे 1,18,000. दोन पोरांच्या घरच्यांचे प्रत्येकी 2,35,000. आकडे आधीच लिहितो, कारण पेठेत गोष्ट 'पंधरा लाख खाल्ले' इथपर्यंत पोचली आहे आणि खाणारा मीच असल्यासारखं बोललं जातंय. यातला एक रुपयाही माझ्या खात्यात आलेला नाही. ज्याला शंका असेल त्याने घरी येऊन स्टेटमेंट बघावं.

मी मुंबईत एका कंपनीच्या संघाकडून मिडफिल्डला खेळायचो. 2010 मध्ये महिंद्रा युनायटेडसारखा संघ बंद झाला, तिथे आमच्यासारख्यांना कोण विचारतो? गुडघा गेल्यावर गावी आलो आणि स्काऊटिंग धरलं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात बसून तालमींच्या (इथले फुटबॉल संघ तालमींच्या नावाने खेळतात) मॅचेस बघायच्या. गोल मारणाऱ्यावर पब्लिक ओरडतं; आपण बॉल यायच्या आधी मान वळवून मागे बघणारं पोरगं शोधायचं. त्याचे व्हिडिओ ओळखीच्या कोचना पाठवायचे. पोरगं घेतलं तर प्रवासखर्च सुटतो, कधी तोही सुटत नाही. अशा माणसाला कुणी 'पश्चिम भारताचा रिक्रूटमेंट हेड' करतो म्हणालं, तर तो ऐकून घेणारच. तुम्हीही घेतलं असतं.

असं म्हणणारा माणूस पुण्यातल्या हॉटेलात भेटला. जर्सीतले जुने फोटो, अस्खलित मराठी, पोर्तुगालमधल्या खालच्या डिव्हिजनच्या क्लबचं लेटरहेड. माझ्याकडून 'स्काऊट लायसन्स' म्हणून 1,00,000 आणि वर 18 टक्के जीएसटी घेतला. होय, जीएसटीसुद्धा! पावतीवरचा नंबर नंतर मोजला तर 14 अक्षरी निघाला. खरा 15 अक्षरी असतो. आणि फिफा स्काऊटचं लायसन्स देतच नाही, एजंटचं देते. 2023 पासून ते परत सक्तीचं झालंय, परीक्षा द्यावी लागते, नावं फिफाच्या साइटवर दिसतात. फोनवर दोन मिनिटांत तपासता येतं.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती आठवली की अजून झोप उडते. मी त्याला दोन्ही पोरांचे व्हिडिओ दाखवत होतो. एक 16 वर्षांचा, एक 17 चा. त्याने पोरगं डाव्या पायाचं की उजव्या, हे विचारलं नाही. कुठल्या जागेवर खेळतो, तेही नाही. व्हिडिओ अर्धा झाला नसेल, तेवढ्यात म्हणाला, "वडील काय करतात? नोकरी की शेती? जमीन किती?" अहो, ज्याला खेळाडू हवा तो आधी पाय विचारतो! आयुष्य मैदानात गेलं माझं, हे मला कळत नाही का? कळतं. पण शेजारी त्या पोराचे वडील बसले होते, त्यांचा चेहरा उजळलेला होता आणि मला वाटलं, व्हिसासाठी विचारत असेल. व्हिसाला उत्पन्नाचे कागद लागतातच की.

वयाबद्दल मी विचारलं होतं, हे लक्षात घ्या. 18 च्या आतल्या खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदवता येत नाही. फिफाचे अपवाद मोजकेच आहेत आणि आपली पोरं त्यात बसत नाहीत. तो म्हणाला, "गोव्यातली जातात की." गोव्यातल्या बऱ्याच जणांकडे पोर्तुगीज राजवटीत झालेल्या आजोबांच्या जन्मामुळे पोर्तुगीज पासपोर्ट असतो. पेठेतल्या पोराकडे तो कुठून येणार? पण ते वाक्य त्याने इतक्या सहज टाकलं की घरच्यांनी त्याच आठवड्यात पैसे भरले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषक खेळला, तेव्हापासून इथल्या प्रत्येक आईबापाला आपलंच पोरगं पुढचं वाटतं. त्यांना मी काय थांबवणार होतो?

ट्रायलची तारीख दोनदा पुढे गेली, मग नंबर बंद.

आता पुढचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर भेटला होता ना, मग हे सायबर कसं? परत ठाण्यात आलो, तर साहेब बंदोबस्ताला. खेळाच्या कार्यालयात गेलो, तर "तो आमच्याकडे नोंदलेला नाही" असं उत्तर, जणू तीच आमची तक्रार नव्हती! बँकेने सांगितलं, खातं परराज्यातलं आहे आणि रिकामं आहे. एका हवालदाराने तर मलाच विचारलं, "तुमचं कमिशन किती होतं?" एवढं ऐकून घेतल्यावर मिळाला काय, तर अर्जावर एक शिक्का. गुन्हा अजून दाखल नाही.

पैसे गेल्या क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, कुणाची वाट बघू नका. आम्ही 'ट्रायल होईल' म्हणत बसलो तोवर खातं धुतलं गेलं. ट्रायलसाठी आगाऊ पैसे मागणारा क्लबचा नसतो. टुरिस्ट व्हिसावर करार होत नाही. आणि जून 2023 मध्ये पोर्तुगालमध्येच एका खासगी फुटबॉल अकादमीवर मानवी तस्करीच्या संशयावरून छापा पडला होता, परदेशातून आणलेली अल्पवयीन पोरं तिथे सापडली. आमची पोरं निदान घरी आहेत, असं त्यांच्या आया म्हणतात. वडील माझ्याशी बोलत नाहीत.

तोच माणूस आता मिरजेच्या बाजूला नव्या नंबरवरून फिरतोय, असं कानावर आलंय. त्याने दिलेली, 'इन्व्हिटेशन इन्शुरन्स' असं लिहिलेली पावती कुणाकडे असेल तर फाडू नका. एकेकट्याला हाकलून देतात, दहा घरं एकत्र गेली तर गुन्हा नोंदवावाच लागेल.